बनावट नोट आणि मूल

कोणत्या गुन्ह्यांची खबर नागरिकाने पोलिसांना दिलीच पाहिजे, याची यादी 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या 39 व्या कलमात होती. खून होता, दरोडा होता, अन्नातली भेसळ होती, बनावट नोटासुद्धा होत्या. मुलावरचा बलात्कार नव्हता. कायदा करणाऱ्यांना मुलांचं वावडं होतं असं नव्हे. मुलाचं दुखणं ही घरातली बाब, हा आपला जुना समज कायद्यातही मुरला होता. संमतिवय 10 वरून 12 करणाऱ्या 1891 च्या कायद्यावरून पुण्यात रण माजलं, तेही सरकारने उंबरठा ओलांडावा का, यावरूनच.

हा समज पहिल्यांदा हलला तो गोव्यात. मडगाव परिसरात अनाथाश्रम चालवणारा फ्रेडी पीट्स मुलांच्या लैंगिक शोषणाबद्दल 1991 मध्ये पकडला गेला. 1996 मध्ये त्याला जन्मठेप झाली. पुराव्यात मुलांच्या अश्लील छायाचित्रांचा ढीग होता. 2003 च्या गोवा बाल कायद्याने मग फोटो धुणाऱ्यांनाच बांधून घेतलं: असं चित्र हाती आलं तर पोलिसांना कळवा, नाहीतर तुरुंग. डार्करूमच्या दारापर्यंत पोचलेला कायदा विरळाच.

देशभर कळवण्याचं हे बंधन आलं ते मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या ‘पोक्सो’ कायद्याने, 14 नोव्हेंबर 2012 पासून. 19 व्या कलमानुसार गुन्हा घडल्याचं ठाऊक असेल किंवा घडण्याची धास्ती वाटत असेल, तरी कळवायचं. पुरावा गोळा करणं हे पोलिसांचं काम. गप्प बसणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, संस्थाचालकाला वर्षभरापर्यंत. सद्भावनेने खबर देणाऱ्यावर मात्र दिवाणी वा फौजदारी कुठलंच दायित्व येत नाही. जाणूनबुजून खोटी तक्रार केली तर 22 वं कलम आहे. अंदाज चुकणं हा गुन्हा नव्हे. हा फरक पालकसभांत कुणी सांगताना दिसत नाही.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका वसतिगृहातल्या आदिवासी मुलींच्या लैंगिक शोषणाच्या प्रकरणात, न कळवल्याचा आरोप असलेल्या डॉक्टरवरचा गुन्हा उच्च न्यायालयाने रद्द केला होता. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2022 मध्ये तो निर्णय फिरवला. तरीही 2024 मध्ये बदलापुरात मुलींच्या लैंगिक शोषणाच्या प्रकरणात शाळेच्या विश्वस्तांवर गुन्हा नोंदवावा लागला, तो न कळवल्याचाच.

शिक्षेची धमकी आहे, पण आधार तोकडा. 19 व्या कलमाचं संरक्षण खटल्यापुरतं. नोकरीबद्दल त्यात अक्षर नाही. कंत्राटी शिक्षिकेने संस्थेविरुद्ध तोंड उघडलं, तर पुढच्या जूनमध्ये तिचं कंत्राट नुसतं ‘संपतं’. खबर दिल्यानंतर ठरावीक काळ तिला काढता येणार नाही, आणि काढलंच तर कारण संस्थेने सिद्ध करायचं, एवढी तरतूद महाराष्ट्राच्या विधिमंडळाने करावी.