फुकटाचें मोल

साताऱ्याजवळचें कासचें पठार पावसाळ्याच्या अखेरीस फुलूं लागलें कीं वृत्तपत्रांच्या पुरवण्याही फुलूं लागतात. पानभर रंगीत छायाचित्र, शेजारीं फुलांची माहिती. परंतु कर्त्याच्या नांवाच्या जागीं पुष्कळदां एवढेंच आढळतें : 'सौजन्य : इंटरनेट.' टपालानें आलेल्या लेखाखालीं 'साभार : टपालखातें' असें कोणी छापलें तर आपण हंसूं. इंटरनेट ही वाट आहे. तिच्यावरून आलेली वस्तु कोणातरी मनुष्याची असते.

'तें तर सर्वांना मोकळेंच आहे,' असें यावर उत्तर मिळतें. मोकळें आहे हें खरें. बेवारशी मात्र नाहीं. १ मे २००३ रोजीं सुरू झालेला मराठी विकिपीडिया हौशी मंडळी विनावेतन लिहितात. त्यावरील मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्यानें खुला केलेला आहे. हा परवाना म्हणतो : घ्या, छापा, विकलेंत तरी हरकत नाहीं, मात्र श्रेय द्या, परवान्याचा उल्लेख करा, आणि फेरफार केल्यास तो सांगून नवी कृतीही याच अटींवर इतरांस खुली ठेवा. एक पैही न मागणाऱ्यास एक ओळही नाकारणें हा कद्रूपणा झाला. शिवाय अट मोडली कीं परवानगीही उरत नाहीं.

नुकसान केवळ कर्त्याचें नाहीं, वाचकाचेंही आहे. मार्च २००९ मध्यें फ्रेंच संगीतकार मोरिस जार निवर्तले, तेव्हां डब्लिनच्या एका विद्यार्थ्यानें वृत्तपत्रांची परीक्षा पाहण्यासाठीं त्यांच्या तोंडीं एक बनावट वचन घालून तें विकिपीडियावर चढविलें. तेथील स्वयंसेवकांनीं तें निराधार म्हणून काढून टाकलें. पण तोंवर तें नामांकित इंग्रजी वृत्तपत्रांच्या मृत्युलेखांत जाऊन बसलें होतें. उगम छापला असता, तर निदान वाचकास तो पडताळून पाहतां आला असता.

आपल्या भागांतच याहून चांगली रीत आहे. वाई येथें तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखालीं मराठी विश्वकोश उभा राहिला. त्यांत नोंदीखालीं लेखकाचें नांव असतें. सांगलीशेजारच्या हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल यांचें 'झुंजारराव' हें नाटक शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो'वरून घेतलेलें आहे, हें सर्वांस ठाऊक आहे. तेणेंकरून देवलांची कीर्ति तिळभरही उणी झालेली नाहीं. ऋण सांगितल्यानें मनुष्य लहान होत नाहीं.

आमच्या वाचकांस विनंति एवढीच कीं, मुलें शाळेच्या प्रकल्पासाठीं चित्रें व मजकूर उतरवून घेतात, तेव्हां 'हें कोणाचें?' असें त्यांस अवश्य विचारावें व उत्तर वहींत लिहावयास लावावें. आपल्या गांवच्या वृत्तपत्रांत बिननांवाचें चित्र दिसल्यास संपादकांस एक सौम्य पत्रही धाडावें. शेजाऱ्याची वाटी रिकामी परत करूं नये, अशी आपल्या घरांतली जुनी रीत आहे. येथें तर त्या वाटींत केवळ एक नांव घालावयाचें आहे.