"माझ्या पीसीवर तर चालतंय, सर!"

आमच्या लॅबमध्ये वर्षभर सगळ्यात जास्त वेळा ऐकू येणारं वाक्य कोणतं? वर दिलंय तेच! फॉर्म अडकला, एरर आली, दुसऱ्याच्या पीसीवर प्रोग्रॅम उघडलाच नाही, की पोरगं शांतपणे म्हणतं, "माझ्या पीसीवर तर चालतंय, सर!" जणू चूक त्या दुसऱ्या पीसीचीच. मी हे ऐकून चिडत नाही. कारण विद्यार्थी असताना हेच वाक्य मी याच हॉस्टेलच्या जनरल बॉडी मीटिंगमध्ये म्हणालो होतो, आणि त्याची किंमत भलत्याच माणसाने मोजली.

गोष्ट २०११ ची. टीईला मिनी प्रोजेक्ट म्हणून मी हॉस्टेल मेसचं सॉफ्टवेअर केलं होतं. व्हीबी ६ मध्ये फॉर्म, मागे ॲक्सेसची एमडीबी फाइल. कोणाचे किती खाडे, किती गेस्ट, महिन्याचं बिल किती, सगळं एका बटणावर. एक्स्टर्नलनी दोन-तीन बटणं दाबून बघितली, "गुड" म्हणाले, मार्क पडले. रेक्टर सरांना ते इतकं आवडलं की जुलैमध्ये मेस ऑफिसला नवा पीसी आला तेव्हा त्यावर आमचंच सॉफ्टवेअर बसवायचं ठरलं. आम्ही हवेत!

मेसचा हिशोब एक काका बघायचे. कित्येक वर्षं लाल बांधणीच्या वहीत खाडे लिहीत आलेले. आता ते कीबोर्डवर एका बोटाने एकेक अक्षर शोधत एन्ट्री करायला लागले. कुरकुर केली नाही, हे मुद्दाम सांगतो.

ऑगस्टचं बिल व्यवस्थित निघालं. राखीपौर्णिमा १३ तारखेला, लगेच १५ ऑगस्ट, त्या सुट्टीत घरी गेलेल्यांचे खाडे बरोबर वजा झाले. मग गणपती आले. त्या वर्षी गणेश चतुर्थी १ सप्टेंबरला होती. अर्धं हॉस्टेल ३१ ऑगस्टला एसटी पकडून गावाला गेलं आणि आठवड्याने परत आलं. ऑक्टोबरच्या सुरुवातीला सप्टेंबरचं बिल लागलं, तर १ ते ६ तारखेचा एकही खाडा कोणाच्याच बिलात नाही! दिवसाचे ४५ रुपये धरले तरी माणशी २७० रुपये. हॉस्टेलच्या मुलाला २७० रुपये म्हणजे काय, हे या अंकाच्या वाचकांना सांगायला नको.

बोंबाबोंब झाली. "काकांनी एन्ट्र्या केल्याच नाहीत" पासून "काका पैसे खातात" पर्यंत गाडी एका दिवसात पोचली. रेक्टर सरांनी स्वतःच्या लॉगिनने सॉफ्टवेअर उघडलं, तर सगळं कोरं. सप्टेंबर सोडाच, ऑगस्टचाही एक खाडा नाही! आता तर काकांनी डेटा उडवला असाच सगळ्यांचा समज झाला. मीटिंगमध्ये मला उभं केलं. आदल्या रात्री मी माझ्या पीसीवर १ ते ६ सप्टेंबरच्या एन्ट्र्या करून पाहिल्या होत्या, बिल चोख आलं होतं. म्हणून छाती पुढे काढून म्हणालो, "सर, माझ्या पीसीवर तर चालतंय." म्हणजे उरलं कोण? काका.

काका माझ्याकडे बघून एवढंच म्हणाले, "अरे इंजिनियर, तुझ्या मशीनमध्ये यंदा गणपती बसलेच नाहीत का?" सगळे हसले. काका हसले नव्हते.

आता मूळ दुखणं काय होतं ते ऐका, कारण आजही सबमिशनला येणाऱ्या प्रोग्रॅममध्ये मला तेच दिसतं. मी क्वेरी लिहिताना तारीख सरळ स्ट्रिंगमध्ये चिकटवली होती, दोन्ही बाजूंना हॅश लावून. तारखेची स्ट्रिंग करताना विंडोज त्या पीसीचं रीजनल सेटिंग बघतं. माझ्या पीसीवर एक्सपी होतं आणि सेटिंग अमेरिकेचं, जसं इन्स्टॉल झालं तसंच. तिथे आधी महिना, मग दिवस. मेसच्या नव्या पीसीवर सेटिंग भारताचं, म्हणजे आधी दिवस, मग महिना. पण ॲक्सेसच्या मागचं जेट इंजिन हॅशमधली तारीख वाचताना आधी अमेरिकन पद्धतच लावतं. त्यामुळे काकांनी टाकलेला ५ सप्टेंबरचा खाडा ०५-०९-२०११ असा गेला आणि ९ मे म्हणून जाऊन बसला. १ सप्टेंबर झाला ९ जानेवारी. आणि खरी गंमत पुढेच आहे. तारीख १३ किंवा पुढची असेल तर तेरावा महिना नसतो, म्हणून जेट बिचारं मुकाट्याने अदलाबदल करून बरोबर अर्थ लावतं! म्हणून राखीपौर्णिमा आणि १५ ऑगस्ट वाचले. एरर नाही, वॉर्निंग नाही. महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांपैकी अकरा चुकीचे, बाकीचे बरोबर. असा बग पकडायला फार जड, कारण निम्म्याहून जास्त वेळा तो असतच नाही.

रेक्टर सरांच्या कोऱ्या स्क्रीनचं कारण वेगळंच. मी सॉफ्टवेअर प्रोग्रॅम फाइल्समध्ये टाकलं होतं आणि एमडीबी फाइलही त्याच फोल्डरमध्ये. एक्सपीवर आम्ही सगळे ॲडमिन म्हणूनच वावरायचो, त्यामुळे कुठेही लिहिता यायचं. व्हिस्टापासून साध्या प्रोग्रॅमला त्या फोल्डरमध्ये लिहायची परवानगी राहिली नाही. पण मग जुने प्रोग्रॅम पटापट मरतील, म्हणून मायक्रोसॉफ्टने एक मेहेरबानी केली. जुन्या धाटणीचा प्रोग्रॅम तिथे लिहायला गेला की विंडोज गुपचूप त्या फाइलची प्रत त्या युजरच्या ॲपडेटामधल्या व्हर्च्युअलस्टोअर नावाच्या फोल्डरमध्ये करतं आणि लिखाण तिथे वळवतं. प्रोग्रॅमला काही कळत नाही. प्रत्येक लॉगिनची प्रत वेगळी! काकांच्या लॉगिनला सगळ्या एन्ट्र्या होत्या, सरांच्या लॉगिनला कोरी प्रत. ही भानगड उलगडली प्रोसेस मॉनिटरमुळे. सिसइंटर्नल्सचं हे फुकट मिळणारं हत्यार प्रोग्रॅम कोणती फाइल नेमकी कुठे उघडतोय ते ओळीओळीने दाखवतं. मला ते तेव्हा ऐकूनही माहीत नव्हतं. एका सीनियरने रात्री दोन वाजता पेन ड्राइव्हवर आणून दिलं. आजही माझ्या लॅबमधल्या दहातल्या नऊ जणांना ते माहीत नसतं, आणि याचा दोष मी मुलांना देत नाही.

तिसरी चूक मात्र निव्वळ माझी. गोव्याच्या एका डि'सोझाचा तर एकही खाडा कधीच नोंदला गेला नव्हता. खाड्याच्या टेबलात नंबरासोबत नावही जायचं (माझ्या डेटाबेस डिझाइनबद्दल इथे न बोललेलं बरं). त्या नावातल्या अपॉस्ट्रॉफीने क्वेरीची स्ट्रिंग मधेच तुटायची आणि इन्सर्ट फेल व्हायचं. आणि काकांना स्क्रीनवर काय दिसायचं? "सेव्ह्ड सक्सेसफुली"! कारण प्रत्येक फंक्शनच्या पहिल्या ओळीत मी ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट लिहिलं होतं. म्हणजे, बाबा रे, काहीही झालं तरी पुढे चल. ओरलच्या वेळी समोर एरर बॉक्स येऊ नये म्हणून केलेली ही युक्ती. कंप्युटर खरं सांगत होता. मीच त्याच्या तोंडात बोळा कोंबला होता.

तारीख आणि अपॉस्ट्रॉफी, दोन्हींवर उपाय एकच होता. स्ट्रिंग जोडत बसायचं नाही, क्वेरीला पॅरामीटर द्यायचे. तारीख तारीख म्हणूनच जाते, नाव नाव म्हणूनच. आणि डेटा फाइल प्रोग्रॅम फाइल्समध्ये न ठेवता दोन्ही लॉगिनना लिहिता येईल अशा सामायिक फोल्डरमध्ये ठेवायची. सगळी दुरुस्ती मिळून एका संध्याकाळचं काम. समजायला दोन आठवडे गेले.

व्हीबी ६ जुनं झालं, हे मलाही कळतं. त्याच्या एडिटरचा सपोर्ट मायक्रोसॉफ्टने २००८ मध्येच बंद केला. पण आज सी शार्पमध्ये पोरं काय करतात? ट्राय लिहितात आणि खाली रिकामा कॅच. तोच बोळा, नवीन कापडाचा! हल्ली कोड लिहून देणारी साधनं हाताशी आहेत, त्यांना "एरर घालव" म्हटलं की तीही कधीकधी असाच बोळा हसतमुखाने देतात. एरर घालवणं आणि चूक दुरुस्त करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपल्याकडे मार्क पहिलीला मिळतात.

फॉर्म अडकण्याचंच घ्या. विंडोला आलेले क्लिक, की, पुन्हा रंगवण्याचे निरोप एका रांगेत उभे असतात आणि एकच थ्रेड ते एकेक करून हातावेगळे करतो. मेसच्या खिडकीवरचा एकुलता एक वाढपी समजा. बटणाच्या क्लिकमध्येच तुम्ही पाच हजार रेकॉर्डचा हिशोब लावलात, म्हणजे वाढप्याला कणीक मळायला आत पाठवलंत. बाहेर रांग खोळंबली. साधारण पाच सेकंद तो फिरकला नाही की विंडोज पाटी लावतं, "नॉट रिस्पॉन्डिंग". यावर आमची पोरं डू-इव्हेंट्सचा मंत्र टाकतात. म्हणजे मळता मळता अधूनमधून पळत येऊन वाढून जा! फॉर्म हलायला लागतो खरा, पण तेवढ्यात युजर तेच बटण पुन्हा दाबतो आणि पहिलं बिल अर्धवट असताना दुसरं सुरू होतं. कणीक मळायला वेगळा माणूस लावा. सी शार्पमध्ये २०१२ पासून असिंक-अवेट आहे, त्याआधी बॅकग्राउंडवर्कर होताच. आणि त्या आतल्या माणसाने खिडकीवर येऊन थेट ताटात वाढायचं नाही, म्हणजे दुसऱ्या थ्रेडमधून टेक्स्टबॉक्सला हात लावायचा नाही. लावलात तर "क्रॉस-थ्रेड ऑपरेशन नॉट व्हॅलिड" असं डॉटनेट स्वच्छ शब्दांत सांगतं. पण वाचतो कोण? मुलगा स्क्रीनचा फोटो काढतो आणि ग्रुपवर टाकतो.

डीएलएल सापडत नसल्याच्या तक्रारी तर रोजच्या. कुठल्यातरी साइटवरून सुटी डीएलएल उतरवून सिस्टिम फोल्डरमध्ये फेकणं बंद करा, मायक्रोसॉफ्टचं व्हिज्युअल सी प्लस प्लसचं रीडिस्ट्रिब्युटेबल पॅकेज बसवा. रिलीझ बिल्ड द्या, डीबग नाही. जेटचा प्रोव्हायडर रजिस्टर नाही असं ६४ बिटच्या मशीनवर आलं तर प्रोजेक्टचं टार्गेट एक्स८६ करा, कारण जेट फक्त ३२ बिटचंच आहे. संपलं.

डिपार्टमेंटमधले काही सहकारी म्हणतील, आता डेस्कटॉप ॲप्लिकेशन करतंय कोण, सगळं वेब आणि मोबाइल. मग गावातल्या मेडिकलवाल्याचं बिलिंग बघा, वजनकाट्याच्या खोलीतला पीसी बघा, व्यापाऱ्याकडची टॅली बघा, आपल्याच लॅबमधलं ऑटोकॅड बघा. आणि समजा उद्या हे सगळं ब्राउझरमध्ये गेलं, तरी तारीख दिवस-महिना अशीच उलटणार आहे आणि कॅच रिकामाच राहणार आहे.

माझी तक्रार आपल्या परीक्षेच्या पद्धतीबद्दल आहे, आणि त्यात मीही आलो. आपण मुलाला त्याच्याच लॅपटॉपवर, त्याच्याच हाताने, त्याने पाठ केलेला डेटा टाकून आउटपुट दाखवायला लावतो. तिथे कुठलाही प्रोग्रॅम चालतो! माझा नव्हता का चालला? मग वर्षभर आपण त्यालाच विचारतो की दुसऱ्याच्या पीसीचा विचार का नाही केलास. सत्तर जणांच्या बॅचला वेळ पुरत नाही, ही अडचण खरी आहे. पण जर्नलचं इंडेक्स तपासायला आपण जो वेळ देतो, त्यातला थोडा इकडे वळवता येईल असं मला वाटतं. काही जणांना वाटणार नाही.

काकांचं काय झालं ते राहिलंच. सप्टेंबरचं बिल शेवटी दुरुस्त झालं ते माझ्या कोडमुळे नाही. काका गुपचूप लाल वहीही भरत होते. "मशीन नवं आहे, कधी काय करेल सांगता येत नाही," म्हणाले. वहीत प्रत्येकाचा प्रत्येक खाडा होता, डि'सोझाचासुद्धा. मी आणि रूममेटने दोन रात्री बसून वहीवरून सगळी बिलं पुन्हा काढली, फरक नोटीस बोर्डवर लावला. ज्यांनी मीटिंगमध्ये काकांवर आरोप केला होता त्यातला एकही ऑफिसात गेला नाही. मी गेलो, पण तब्बल आठवड्याने. काकांनी चहा मागवला आणि विचारलं, "आता पाच तारीख टाकली तर पाचच घेईल ना?" मग माझ्यासमोर एन्ट्री केली, एका बोटाने, आणि स्क्रीनवर उमटलेली तारीख वहीशी ताडून पाहिली. रिटायर होईपर्यंत त्यांनी वही सोडली नाही.

तर यंदाच्या बॅचला आधीच सांगून ठेवतो. माझ्याकडचा डेमो तुमच्या लॅपटॉपवर होणार नाही. स्टोअर रूममधला जुना पीसी स्वच्छ करून ठेवला आहे, रीजनल सेटिंग भारताचं, लॉगिन दोन, ॲडमिनचा पासवर्ड कोणालाही मिळणार नाही. सेटअप तुम्ही करायचा आणि खुर्चीवरून उठायचं. एन्ट्री मेस ऑफिसातली माणसं करतील, नाव डि'सोझा असेल, आणि तारीख बाराच्या आतली.