चांगदेवचे एकाकीपण आणि समीक्षेची सोय

भालचंद्र नेमाडे यांच्या 'बिढार', 'हूल', 'जरीला' आणि 'झूल' या १९७५ ते १९७९ या काळात प्रसिद्ध झालेल्या कादंबऱ्यांविषयी मराठी समीक्षेने एक सोयीस्कर समजूत करून घेतली आहे. चांगदेव पाटील हा अस्तित्ववादी परात्मतेचा नायक आणि त्याचे एकाकीपण हे मानवी अस्तित्वाचे अटळ प्राक्तन, अशी ही समजूत. 'कोसला'च्या (१९६३) चर्चेत रूढ झालेल्या संज्ञा येथे जशाच्या तशा लावण्यात आल्या. परिणामी चांगदेवचे सहकारी निव्वळ पार्श्वभूमी होऊन बसले.

वस्तुतः या चतुष्टयाचा मोठा भाग महाविद्यालयीन अध्यापकांच्या सहवासाने व्यापलेला आहे. प्राचार्य, संस्थाचालक, जातींचे गट, नेमणुका यांविषयी ही माणसे अखंड बोलतात. स्वतःच्या भयाविषयी बोलण्याची वेळ आली की मात्र कुचेष्टेचा आश्रय घेतात. आज आपले दुबळेपण ऐकणारा सहकारी उद्या नेमणुकीतील प्रतिस्पर्धी वा संस्थाचालकांचा खबऱ्या ठरू शकतो. हे मौन तत्त्वज्ञानातून नव्हे, सेवाशर्तींतून आलेले आहे. चतुष्टयाची रचनाही याला दुजोरा देते. गाव बदलते, नोकरी बदलते. नायक पुढच्या कादंबरीत जातो, सहकारी मागे राहतात. या आकृतिबंधात मैत्री मुरायला अवकाशच उरत नाही.

अशाने कादंबरीचे समाजशास्त्र होते, असा आक्षेप घेतला जाईल. तो टिकणारा नाही. संस्थेकडे बोट दाखवल्याने चांगदेव निर्दोष ठरत नाही. उलट त्याच्या उपहासाचीही झडती घेता येते. इतरांचे ढोंग अचूक हेरणारी त्याची नजर त्यांच्या असहायतेपाशी पुष्कळदा थांबत नाही. परात्मतेचा किताब बहाल केला की समीक्षकाला हा हिशेब मांडावाच लागत नाही.

हा वाद केवळ पारिभाषिक नाही. सोलापुरात दयानंद महाविद्यालय १९४० साली सुरू झाले, स्वतंत्र विद्यापीठ २००४ साली आले. तरीही येथे आणि महाराष्ट्रात इतरत्र तासिका तत्त्वावर राबणारा अध्यापक पुढील वर्षी आपण याच स्टाफरूममध्ये असू की नाही, हे जाणत नाही. शेजारच्या खुर्चीवरील सहकाऱ्याजवळ तो मन कसे मोकळे करणार? त्यानेच वर्गात चांगदेवचे एकाकीपण 'अस्तित्वाचे प्राक्तन' म्हणून शिकवावे, अशी अपेक्षा ठेवणारी समीक्षा कादंबरीवर अन्याय करतेच; त्याच्या स्वतःच्या कोंडीचे कारणही त्याच्यापासून दडवते.