आधी वाचा, मग मारा

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी एका मेंढीला बाण मारला. मेंढी कॉम्प्युटरमधली होती, बाणही कॉम्प्युटरमधलाच होता. अपमान मात्र डोंबिवलीतला, आमच्याच दिवाणखान्यातला आणि अगदी खराखुरा होता.

त्याचं असं झालं. आमचे चिरंजीव 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' नावाचा खेळ खेळतात. हा खेळ २००४ साली निघाला, म्हणजे वयाने तो चिरंजिवांपेक्षा मोठा आहे, तरी दोघांचं बरं जमतं. त्यातल्या गुहांमध्ये पाच-पाच जणांच्या टोळीनं उतरायचं असतं. त्या दिवशी पाचव्या मुलाचा क्लास निघाला आणि बदली कामगार म्हणून माझी नेमणूक झाली. मला शिकारी केलं. हातात धनुष्य, सोबत एक पाळीव अस्वल. बँकेत बावीस वर्षं नोकरी करून जे मिळालं नाही ते इथे पहिल्याच दिवशी मिळालं : हाताखाली एक माणूस. माणूस म्हणजे अस्वल, पण सांगितलेलं ऐकणारं.

गुहेत समोर चार दांडगे राक्षस आणि एक मेंढी उभी होती. आता तुम्हीच सांगा, आयुष्यभर कॅश मोजलेल्या माणसानं यातला कोण निवडावा? मला झेपेल असा शत्रू एकच दिसत होता. मी नेम धरला आणि बाण सोडला. त्या क्षणी कानातल्या हेडफोनमधून नाशिकचा मुलगा किंचाळला, "काका, मेंढी! मेंढी मोडली!" मेंढी मोडते हे मला नवीन होतं. पण मेंढी होती तिथे पाचवा राक्षस उभा राहिला, ताजातवाना, न्हाऊन-माखून आल्यासारखा. पुढच्या अर्ध्या मिनिटात आम्ही पाचही जण आडवे झालो. अस्वलही गेलं.

नंतर खुलासा झाला. ती मेंढी मेंढी नव्हतीच. आमच्यातल्या जादूगारानं पाचव्या राक्षसाला मिनिटभरासाठी मेंढी करून ठेवलं होतं. मेंढी झालेल्याला वार करता येत नाही, पण त्याच्या जखमा भराभर भरून येतात; आणि कोणी एक जरी फटका मारला तरी जादू तुटते. म्हणजे ही मुदत ठेवच की! आत व्याज वाढत असतं, मुदतीपूर्वी हात लावायचा नसतो, आणि मोडलीच तर दंड. असं कोणी समजावून सांगितलं असतं तर माझ्याहून जास्त सांभाळून कोण वागलं असतं?

चिरंजीव रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी हेडफोन काढला आणि शांतपणे म्हणाले, "बाबा, त्याच्यावर लिहिलं होतं."

हे वाक्य माझं आहे. काउंटरच्या या बाजूनं दिवसातून तीस वेळा मी ते फेकतो. "अहो, वर लिहिलंय, वाचा ना जरा." तेच वाक्य, त्याच सुरात, माझ्याच मुलाच्या तोंडून, माझ्यावर. त्या रात्री मला झोप आली नाही. लिहिलं होतं? कुठे लिहिलं होतं?

दुसऱ्या दिवशी मी चाळिशी लावून शोध घेतला. शत्रूवर टिचकी मारली की वर त्याची पाटी उघडते : तोंडवळा, नाव, जीव किती उरलाय त्याची पट्टी. त्या पाटीखाली मुगाच्या दाण्याएवढे चौकोन असतात. एकेक चौकोन म्हणजे त्या शत्रूला सध्या काय झालंय त्याची एकेक खूण. विष चढलंय, शाप लागलाय, पाय जखडलेत, मेंढी झालीय. चौकोनावर माउस नेला तर नाव आणि परिणाम लिहून येतो. चौकटीला रंगही आहेत. जादूला निळा, शापाला जांभळा, विषाला हिरवा, रोगाला मातकट. स्वतः लावलेल्या खुणा मोठ्या दिसतात, इतरांनी लावलेल्या लहान. (हा खेळ ज्याने केला त्याला माणसं कळतात. एकत्र कुटुंबात वाढलेला असावा.) त्यामुळे जादूगाराची ती मेंढीची खूण माझ्या पाटीवर मुगाच्या दाण्याची मुगाची डाळ होऊन पडली होती.

"शत्रूचं स्टेटस कसलं बघत बसता?" सौ. म्हणाल्या. "माझ्या माहेरच्यांनी लावलेलं स्टेटस कधी बघितलंत का?" तो विषय मी तिथेच थांबवला.

इथून माझं भांडण सुरू होतं, आणि ते दोन आघाड्यांवर आहे.

पहिली आघाडी 'मारा, वाचताय काय' या पंथाविरुद्ध. या पंथाचे अध्वर्यू म्हणजे आमच्या टोळीतला नागपूरचा मुलगा. "काका, वाचत बसलो तर मरू," असं तो म्हणतो. अरे पण न वाचता काय अमर झालास? पॅलाडिन नावाचा योद्धा स्वतःभोवती एक कवच ओढून घेतो. तेवढे काही सेकंद त्याला कशानंच काही होत नाही. पाटीवर खूण स्वच्छ असते, आणि हा पठ्ठ्या तरी ठोकतोच आहे! बंद काउंटरवर पासबुक आपटणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांचं भविष्य मला माहीत आहे. हक्कार नावाच्या रक्तपिपासू दैवताची गोष्ट तर याहून नामी. तो सगळ्यांचं रक्त शोषून स्वतः टुणटुणीत होतो. त्यावर उपाय असा, की त्याच्या पिल्लांना मारून त्यांचं विष आपणच आधी अंगावर घ्यायचं, म्हणजे शोषलेल्या रक्तानं त्यालाच बाधा होते. इथे विषाची खूण पाहून जो सज्जन घाईघाईनं सगळ्यांना बरं करतो, तो सगळ्यांना मारतो. खूण वाईट दिसते म्हणून वाईट नसते आणि ती उघडून वाचल्याशिवाय हे कळत नाही.

याच हक्कारची आणखी एक खूण सप्टेंबर २००५ मध्ये भलतीकडे गेली. 'दूषित रक्त' असा रोग तो समोरच्यांवर टाकत असे. तो त्या लढाईपुरताच असायचा. पण शिकाऱ्यांच्या पाळीव जनावरांनाही तो लागला, शिकाऱ्यांनी जनावरं तशीच गुंडाळून ठेवली आणि शहरात नेऊन पुन्हा बाहेर काढली. भर बाजारात माणसं पटापट पडू लागली. पुढे २००७ मध्ये 'द लॅन्सेट इन्फेक्शस डिसीजेस'सारख्या नियतकालिकात या साथीवर लेख आला. तेव्हापासून मी माझं अस्वल वाचून मगच बाहेर काढतो.

आमच्या शाखेतले एक सहकारी म्हणाले, "खेळात कसलं आलंय वाचन?" मी त्यांना त्यांचाच स्क्रीन दाखवला. खातं उघडलं की आपण काय बघतो? केवायसी बाकी, लीन मार्क, स्टॉप पेमेंट, दोन वर्षं व्यवहार नाही म्हणून निष्क्रिय. या खात्यावरच्या खुणाच नव्हेत का? त्या न वाचता पैसे देणाऱ्याला मेमो मिळतो. मग न वाचता बाण मारणाऱ्याला 'शूर' का म्हणायचं? सहकारी म्हणाले, "साहेबांवर अशी पाटी असती तर?" तेवढ्यात साहेब आले. पाटी नव्हती, पण वाचता आली.

दुसरी आघाडी खेळ करणाऱ्यांविरुद्ध. वाचा म्हणता, मग वाचता येईल असं लिहा! सुरुवातीला तर कंजूषपणाची कमाल होती. चाळीस-चाळीस जण मिळून एका राक्षसावर तुटून पडायचे आणि त्याच्या पाटीवर वाईट खुणांना जागा फक्त ८. नवव्याने खूण लावली की आधीची एखादी गळून पडे. शाप लावण्यावरच ज्याचं पोट, त्या वॉरलॉकला मंडळी बजावत, "तू आपला काही लावू नकोस." म्हणजे कारकुनाला नोकरीवर ठेवायचं आणि सही करू नकोस म्हणायचं! २००५ मध्ये या जागा १६ केल्या, पुढे आणखी वाढल्या. आम्हा कॉमर्सवाल्यांना याचं हसू येतं. हुंडीच्या पाठीवर सह्यांना जागा उरली नाही तर वेगळा कागद जोडून त्यावर सही करावी, ही सोय निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टमध्ये १८८१ पासून आहे. इंग्रजांना हुंडीचं जे सुचलं ते यांना राक्षसाचं सुचू नये? आणि गंमत म्हणजे २०१९ मध्ये हाच खेळ जुन्या रूपात पुन्हा काढला तेव्हा त्या १६ जागाही जशाच्या तशा परत आणल्या, आणि लोकांनी रांगा लावल्या. गैरसोय जुनी झाली की तिला परंपरा म्हणतात.

आणि जे लिहायलाच हवं तेच गाळायचं! माणसामाणसांच्या लढाईत एकाच प्रकारची जखडण पुन्हा पुन्हा केली तर दुसऱ्यांदा तिची मुदत निम्मी होते, तिसऱ्यांदा पाव, चौथ्यांदा शून्य. नियम उत्तम आहे. आजीच्या आजारपणाच्या रजेला आमचे मॅनेजर हाच लावतात. पण समोरचा आता अर्ध्यावर आहे की पावावर, हे कित्येक वर्षं पाटीवर येत नसे. खेळणाऱ्यांनीच छोटे छोटे प्रोग्रॅम लिहून हिशेब ठेवला, खुणा मोठ्या केल्या. बँकेनं पासबुक भरायचं नाही आणि खातेदारानं घरी वहीत शिल्लक लिहायची, असला हा कारभार. माझी मागणी फार नाही. मेंढीवर ठळक अक्षरात एक ओळ लिहा : 'मेंढी. हात लावू नये.' चाळिशी लागलेल्यांनीही पैसे भरलेले असतात.

हे सगळं मी चिरंजिवांना दीड तास ऐकवलं. ते म्हणाले, "बाबा, मग तू मारूच नकोस. तू वाच."

मी आधी चिडलो, मग लक्षात आलं की बँकेत याला पद्धत आहे. एकानं व्हाउचर करायचं, दुसऱ्यानं तपासायचं. तेव्हापासून शनिवारी रात्री मी त्यांच्या शेजारी स्टूल टाकून बसतो, चाळिशी लावून, पाटीला नाक चिकटवून. पाचवा मुलगा परत आला आहे. अस्वल त्याच्याकडे गेलं. मी नुसता वाचतो.

परवा पुन्हा चार राक्षस आणि एक मेंढी. हेडफोनमधून नागपूरचा आवाज आला. हो, तोच.

"काका, मारू का?"

"थांब," मी म्हणालो. "अजून नऊ सेकंद."

आणि थांबला की तो!