चक्रवाढीचे विणकाम

घरातील क्रोशाचे रुमाल, तोरणे म्हणजे फावल्या वेळेचा उद्योग, असे मानले जाते. मात्र १९९७ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातील लाटवियन गणितज्ञ डायना तायमिना यांनी याच सुईने हायपरबोलिक भूमिती विणून दाखविली. तिचे कागदी नमुने लवकर फाटत, लोकरीचे टिकले. नियम सोपा: दर ठरावीक टाक्यांमागे एक टाका वाढवावयाचा. पाचामागे एक वाढविल्यास ती ओळीमागे वीस टक्के चक्रवाढच होय. दहा ओळींत टाके सहापट होतात. वीण सपाट न राहता तिला लाटांसारख्या चुण्या पडतात. एका बिंदूतून दिलेल्या रेषेला न छेदणाऱ्या अनेक रेषा जातात, हे तिच्यावर घड्या घालून प्रत्यक्ष पाहता येते. या विषयावरील त्यांच्या ग्रंथास २०१२ मध्ये ऑयलर पारितोषिक लाभले. लेकीसुनांच्या विणकामास विरंगुळा म्हणण्यापूर्वी व्यापारी घरांनी त्यातील हिशेब जरूर पाहावा.