भाव नसलेल्या गाडीची बाजू

हिंजवडीत जुन्या ब्रिटिश गाडीचा विषय काढून बघा. दोन प्रकारचे शहाणे लगेच पुढे सरसावतात. पहिला म्हणतो, "हे भंगार पोसायचं कशाला? त्या पैशात चांगली एसयूव्ही येईल." दुसरा आवाज खाली आणून म्हणतो, "आत्ता कुणी विचारत नाहीये तोवर दोन-तीन उचलून ठेव. दहा वर्षांनी सोनं होईल." वरवर पाहता हे दोघे एकमेकांच्या विरोधात बोलतात. खरं तर दोघांचाही प्रश्न एकच असतो: विकायला काढली तर किती येतील? माझं भांडण दोघांशी आहे. त्यातही दुसऱ्याशी जास्त, कारण पहिला गाडीला नुसता हसतो, दुसरा तिला मारतो.

गाडी कोणती, ते आधी सांगतो. एमजीबी, एमजी मिजेट, ट्रायम्फ स्पिटफायर या इंग्लंडमधल्या खिशाला परवडणाऱ्या जुन्या स्पोर्ट्स गाड्या. आपल्याकडे त्या जवळजवळ आल्याच नाहीत. आता आणायच्या म्हटल्या तर आयातीचे करच गाडीच्या किमतीच्या पुढे जातात. पण स्पिटफायरची सख्खी चुलत बहीण मद्रासला तयार होत होती, आणि ती अजूनही पुण्याच्या पेठांतल्या वाड्यांत, बंगल्यांच्या गॅरेजांत, क्वचित रस्त्यावरही दिसते. ती म्हणजे स्टँडर्ड हेराल्ड. कॉव्हेंट्रीच्या ट्रायम्फने 1959 मध्ये हेराल्ड काढली, तिचं रूप जोव्हानी मिकेलोत्ती या इटालियन माणसाने रेखाटलं होतं. 1961 पासून स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सने ती मद्रासला बनवायला घेतली. तिकडे इंग्लंडमध्ये मिकेलोत्तीने हेराल्डचीच चॅसी आखूड करून तिच्यावर दोन माणसांची उघडी गाडी बेतली होती, पण ट्रायम्फकडे पैसेच उरले नव्हते. 1961 मध्ये लेलँडने कंपनी घेतली, तेव्हा नव्या मालकांच्या माणसांना कारखान्याच्या कोपऱ्यात कापडाखाली झाकलेला तो नमुना सापडला. पुढच्याच वर्षी तो स्पिटफायर म्हणून बाजारात आला. पुढचं सस्पेन्शन तेच, मागचा झुलता ॲक्सल तोच, इंजिनही त्याच कुळातलं.

यावर लगेच आक्षेप येतो की हेराल्ड ही घरगुती गाडी, तिला स्पोर्ट्स कारच्या पंगतीला बसवायचं कारण काय? 948 सीसीचं इंजिन, ताशी साठ मैलांचा वेग गाठायला अर्धं मिनिट! आकडे खरे आहेत. पण वेगावरच स्पोर्ट्स कार ठरत असेल तर एमजी टीसीचं काय करायचं? दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेला स्पोर्ट्स कारचं वेड लावणाऱ्या गाड्यांत टीसीचं नाव पहिलं घेतात. तिची ताकद 54 अश्वशक्ती, म्हणजे आजच्या अल्टो के10 हूनही कमी. स्पोर्ट्स कार म्हणजे रस्ता हाताला आणि बुडाला कळणारी, हलकी, चालवणाऱ्याकडून काहीतरी मागणारी गाडी. हेराल्ड हे सगळं देते. पंचवीस फुटांत ती गर्रकन वळते. ही करामत आजच्या छोट्या गाड्यांनाही जमत नाही. आणि वेगाचंच म्हणाल, तर संध्याकाळी साडेसहाला शिवाजी चौकात उभं राहून बघा. जर्मन गाडी, हेराल्ड आणि पीएमपीएमएलची बस, तिघींचा वेग सारखाच असतो.

दुसरा आक्षेप जुना आणि लाडका: ब्रिटिश गाड्या बंद पडतात. ल्युकस कंपनीच्या विजेच्या सामानाला तर गाडीवाल्यांनी 'अंधाराचा राजपुत्र' असं नाव ठेवलंय. विनोद चांगला आहे. पण त्यातल्या बहुतेक अंधाराचं कारण अगदी साधं असतं: गंजलेलं अर्थिंग आणि सैल झालेले वायरींचे जोड. कानशीने किंवा पॉलिश पेपरने घासून बोल्ट पुन्हा कसला की दिवे लागतात. शिवाय हे सामान आपल्याला परकं नाही. ल्युकस-टीव्हीएस 1961 पासून मद्रासमध्येच ते बनवते आहे. हीच गोष्ट इंजिनांची. एमजीए ही 1955 ची देखणी स्पोर्ट्स गाडी. तिच्यात ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं 1489 सीसीचं बी-सिरीज इंजिन होतं. त्याच कुळातलं 1489 सीसीचं इंजिन आपल्या अँबॅसडरमध्ये वर्षानुवर्षं धडधडत होतं. म्हणजे भारतातल्या गल्लीबोळांतले मिस्त्री दोन पिढ्या स्पोर्ट्स गाडीचं इंजिन उघडत आले, फक्त त्यांना तसं कुणी सांगितलं नाही. नाना पेठेत हिंडून, रविवारी जुना बाजार धुंडाळून, पांढऱ्या केसांचा एखादा फिटर गाठून जे काम होतं, ते दहा वर्षं जुन्या आलिशान गाडीचं कंट्रोल युनिट गेल्यावर होत नाही. मग कटकटीची गाडी नक्की कुठली?

खोड्या नाहीत असं मात्र मी म्हणणार नाही. समर्थकांनी हे लपवल्यामुळेच या गाड्यांची बदनामी झाली. वळणावर घाबरून ॲक्सिलरेटर एकदम सोडला तर मागची चाकं आत दुमडतात आणि गाडीचं ढुंगण बाहेर फेकलं जातं. स्पिटफायरला ही खोड 1970 पर्यंत चिकटून होती. त्याहून वाईट गोष्ट पुढच्या चाकाशी आहे. तिथे खालच्या बाजूला ट्रनियन नावाचा ब्राँझचा एक तुकडा असतो. त्याच्यात आटे असतात आणि स्टिअरिंग वळवताना चाकाचा उभा दांडा त्या आट्यांत फिरतो. त्याला ग्रीस चालत नाही, नव्वद नंबरचं गिअर ऑइल लागतं. आपल्याकडच्या गॅरेजात निपल दिसला की ग्रीसगन लावायची ही सवयच आहे. ग्रीस वरच्या वर साचतं, आत पाणी शिरतं, दांडा गंजतो आणि एक दिवस मोडतो. चाक आडवं पडतं आणि गाडी नाकावर बसते. मग लोक म्हणतात, "बघा, ब्रिटिश माल!" माल ठीक होता. पंपात भलतंच भरलं होतं. दर काही महिन्यांनी ऑइलगनने तिथे ऑइल घाला, वरून बाहेर येईपर्यंत. काम दहा मिनिटांचं आहे.

आता वेळ खास हिंजवडीच्या आक्षेपाची. इथल्या कोंडीत ही गाडी तापेल, क्लच जाळेल, सोसायटीच्या पार्किंगमध्ये ऑइल गाळेल आणि सचिवांची चिठ्ठी येईल. ऑइल ती गाळेलच, खाली पत्र्याचा ट्रे ठेवा. आणि रेडिएटर आतून साफ असेल तर तापण्याची बोंब निम्म्याने कमी होते. पण सकाळी नऊला ती भूमकर चौकात न्यायची कशाला? कामाला जायला बस आहे. हेराल्डची वेळ रविवारी पहाटेची. माण, घोटावडे करत पौडकडे निघा आणि तिथून मुळशीच्या धरणाकाठी. आयटी पार्कच्या गर्दीला लोक शिव्या देतात, पण त्याच आयटी पार्काच्या पाठीला लागून सह्याद्रीच्या कुशीतला रस्ता सुरू होतो, हे इथे वर्षानुवर्षं राहणाऱ्या कित्येकांना ठाऊक नसतं.

प्रदूषणाचा मुद्दा तेवढा मला मान्य आहे. कार्ब्युरेटरची गाडी किलोमीटरमागे नव्या गाडीपेक्षा जास्त धूर सोडते, त्यावर वाद नाही. पण आठवड्यातून एकदाच बाहेर पडणाऱ्या गाडीला हा हिशेब विचारणारा माणूस रोज एकटाच सात आसनांच्या गाडीतून कचेरीला जात असेल, तर आधी त्याने आरशात बघावं. आणि 'साहेबाच्या गाडीचं कौतुक कशाला' असं म्हणणाऱ्यांसाठी: साठच्या दशकाच्या अखेरीस मद्रासच्या कारखान्याने हेराल्डला चार दारं लावली. इंग्लंडच्या हेराल्डला ती कधीच नव्हती. चार दारांची हेराल्ड इंग्रजाला हवी असेल तर त्याने आपल्याकडे यावं.

पहिला शहाणा इथे संपला. दुसरा अवघड आहे, कारण तो गाडीचा मित्र म्हणून येतो.

त्याचं म्हणणं असं की ज्या गाडीला आज किंमत नाही, ती उद्या दुर्मीळ होईल, म्हणून आज साठवावी. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये हेच झालं होतं. जॅग्वार ई-टाइप आणि फेरारींचे भाव आभाळाला भिडले. लोकांनी कर्ज काढून गाड्या घेतल्या आणि झाकून ठेवल्या. नव्वदीच्या सुरुवातीला भाव कोसळले. उरल्या न चालवलेल्या, सील सुकलेल्या, ब्रेक जाम झालेल्या गाड्या आणि डोक्यावर कर्ज. गाडी म्हणजे सोन्याची चीप नव्हे. कपाटात ठेवलेलं सोनं झिजत नाही. उभी ठेवलेली गाडी मात्र चालत्या गाडीपेक्षा लवकर मरते. रबर सुकतं, टाकीत गंज धरतो, क्लचची प्लेट फ्लायव्हीलला चिकटते. आता तर पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. ते हवेतलं पाणी ओढून घेतं आणि जुन्या रबरी नळ्या, डायफ्रॅम खातं. आठवड्याला चालणाऱ्या गाडीत हे लगेच दिसतं आणि शंभर-दोनशे रुपयांची नळी बदलली की भागतं. गुंतवणूकदाराच्या गोदामात ते पाच वर्षांनी कळतं.

स्वस्तपणाने गाडी कशी जगते ते बघायचं तर एमजीबी बघावी. 1962 ते 1980 या काळात पाच लाखांहून अधिक झाल्या, म्हणून त्या दुर्मीळ नाहीत, म्हणून भाव चढत नाहीत, म्हणून साध्या पगाराची माणसं त्या विकत घेतात, आणि इतकी माणसं त्या चालवतात म्हणून सुटे भाग बनवणं परवडतं. 1988 पासून तिकडे एमजीबीची संपूर्ण नवी बॉडीसुद्धा बनवून मिळते. कोट्यवधीच्या बहुतेक दुर्मीळ गाड्यांना हे भाग्य नाही. त्याच एमजीचा अष्टकोनी बिल्ला आज हिंजवडीत दर पाचव्या मिनिटाला दिसतो. तो मात्र चिनी मालकीतून आला आणि गुजरातेत हलोलला गाडीवर बसला. ॲबिंग्डनचा जुना कारखाना 1980 मध्येच बंद पडला.

आपल्याकडे या साठवणुकीच्या वृत्तीला सरकारी नियमाचंही बळ मिळालंय, नकळत का होईना. 2021 मध्ये केंद्राने पन्नाशी ओलांडलेल्या गाड्यांसाठी विंटेज नोंदणी आणली. शुल्क 20 हजार, मुदत दहा वर्षं, पाटीवर 'व्हीए' ही अक्षरं. जुन्या गाडीला कायद्याने नाव मिळालं, हे चांगलंच झालं. पण ही नोंदणी घेतली की गाडी फक्त प्रदर्शनाला, संशोधनाला, विंटेज रॅलीला आणि पेट्रोल-दुरुस्तीपुरती बाहेर काढायची, रोजच्या वापराला नाही. आज शिल्लक असलेली प्रत्येक हेराल्ड पन्नाशीच्या पुढे आहे. ज्या हेराल्डची मूळ कागदपत्रं जिवंत आहेत, तिच्या मालकाने या पाटीच्या मोहात पडण्याआधी दोनदा विचार करावा. जुन्या नोंदणीचं दर पाच वर्षांनी नूतनीकरण करा, पर्यावरण कर भरा आणि गाडी चालवत राहा.

आक्षेपांना उत्तरं देऊन झाली, आता गाडीच्या बाजूचा माझा मुद्दा हिंजवडीतच उभा आहे. टाटांनी 2008 मध्ये जॅग्वार लँड रोव्हर ही ब्रिटिश कंपनी विकत घेतली, आणि त्याच टाटांच्या टाटा टेक्नॉलॉजीजचं मुख्यालय इथल्या आयटी पार्कात आहे, केपीआयटीचंही. गाडीचं डोकं, तिचं सॉफ्टवेअर, तिचे आराखडे यांवर इथली तरुण पोरं दिवसभर काम करतात. त्यांच्या कामाला नावं ठेवायचा माझा इरादा नाही, ते काम मला जमणार नाही. पण ज्याने गाडी फक्त पडद्यावर पाहिली, त्याला हेराल्डचं बॉनेट एकदा उघडून दाखवा. मडगार्ड, दिवे आणि सगळं नाकच पुढे झुकतं, आणि इंजिनाशेजारी पुढचं चाक उघडं पडतं. मिस्त्री त्या टायरवर स्टुलासारखा बसतो. डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढतो, पॉइंट घासतो, फीलर गेजची इंचाच्या पंधरा हजारांशाची पट्टी मधून फिरवतो. पट्टी थोडी अडकत, थोडी सरकत गेली की म्हणतो, "मार सेल." संपूर्ण यंत्र डोळ्यांना दिसतं, कुठल्या कारणाने काय होतं ते हाताला कळतं. इथल्या कंपन्या कर्मचाऱ्यांना ज्या 'सिस्टिम्स थिंकिंग'च्या कार्यशाळांना पाठवतात, त्यांत हे शिकवता येत नाही.

हिंजवडीकरांना तर हे नव्याने सांगायला नको. चैत्रात म्हातोबाचं बगाड हिंजवडीहून वाकडला निघतं. त्या लाकडी गाड्याचा बाजारभाव किती, असं विचारणाऱ्याला गाव काय उत्तर देईल? ते जपलं जातं कारण दरवर्षी ओढलं जातं.

तेव्हा घ्यायची असेल तर एकच घ्या, आणि घेताना रंग बघू नका. वाकून चॅसीच्या बाजूला निघालेले हात बघा, गंज तिथे बसतो. स्क्रूड्रायव्हरने टोचा. आत शिरला तर पुढची गाडी बघा. मग पुढच्या चाकांपाशी बसा आणि मालकाला विचारा, ट्रनियनला काय घालता? "ग्रीस" म्हणाला तर किंमत खाली आणा आणि दांडे बदलायचा खर्च धरा. "गिअर ऑइल" म्हणाला तर मागेल ते द्या. आणि विकणारा 'उद्या याचे पाचपट होतील' असं सांगू लागला तर चहा पिऊन उठा. त्याने ती गाडी चालवलेली नाही.