शिलेखाना आणि दिवाणखाना

ज्या घराण्यांत चार पिढ्यांत पळीपंचपात्र आणि टांक यांखेरीज दुसरें हत्यार कोणीं हातीं धरल्याचें ऐकिवांत नाहीं, त्या घरांच्या दिवाणखान्यांतहि हल्लीं ढालतलवार झळकूं लागली आहे. यांत हसण्यासारखें कांहीं नाहीं. पूर्वजांच्या पराक्रमाची एखादी खूण नित्य डोळ्यांपुढें असावी, ही इच्छा सात्त्विकच आहे. माझें भांडण आहे तें ती इच्छा ज्या रीतीनें पुरविली जाते तिच्याशीं. एकट्यानें जावयाचें, एकट्यानें पारखावयाचें, गुपचूप पैसे मोजावयाचे, आणि वस्तु भिंतीवर चढल्यावरच ती चार लोकांस दाखवावयाची, ही रीत म्हणजे लुबाडणारास पाटावर बसवून वाढणें होय, असें माझें स्पष्ट मत आहे.

पालघर जिल्ह्यांत, जव्हार तालुक्यांत जामसर म्हणून एक गांव आहे. माझे एक बालमित्र निवृत्तीनंतर तेथें मुलाकडे राहतात. मुलगा सरकारी नोकरींत आहे. मागच्या सालीं पाऊस उघडल्यावर मी त्यांच्याकडे गेलों. खाचरांतलें भात पिवळें होत आलें होतें, हवा सुरेख होती, आणि चहा पुढें येण्यापूर्वींच स्वारीनें मला हाताला धरून भिंतीपुढें उभें केलें. "अरे, ही जव्हार संस्थानच्या शिलेखान्यांतली! महाराज सुरतेवर निघाले तेव्हां त्यांचा तळ शिरपामाळावर पडला होता ना, त्या वेळची. मुंबईस एका माणसाकडे निघाली. ८५ हजारांस म्हणजे फुकटच पडली म्हणेनास!"

ही कथा रचणारास कसब होतें हें कबूल केलें पाहिजे. शिरपामाळ खरा आहे. सुरतेची पहिली स्वारी जानेवारी १६६४ ची, हेंहि खरें. जव्हारचे मुकणे राजे विक्रमशहा यांनीं त्या माळावर महाराजांचें स्वागत करून त्यांच्या शिरस्त्राणांत मानाचा तुरा खोवला, ही परंपरा तालुक्यांतील शाळकरी पोरालाहि ठाऊक असते. जव्हारचें संस्थान १९४८ त विलीन झालें. आणि संस्थानें गेल्यावर त्यांच्या वस्तु चहूंकडे पांगल्या, हें तर कोणालाहि पटण्याजोगें. इतकीं सत्यें एकत्र बांधून त्यांच्या मध्यभागीं एक असत्य ठेवलें कीं तें आपोआप खपतें. ते ८५ हजार रुपये त्या कथेची किंमत होती, तलवार वरकड.

कथेस कागदाचा आधारहि होता. विकणारानें एक जीर्ण मोडी चिठ्ठी बरोबर दिली होती. माझ्या मित्राला मोडी येत नाहीं. विकणारासहि येत नसावी, कारण तीत भाताच्या देण्याघेण्याचा हिशेब होता आणि शेवटीं बाकी काढली होती. शिवाय रीतसर पावती होती. तिच्यावर 'डेकोरेटिव्ह पीस, नग एक' असें लिहिलेलें. तोंडानें शिवकाल आणि लेखणीनें शोभेची वस्तु! उद्यां कोर्टांत उभें राहण्याची पाळी आली तर कोणता शब्द टिकेल हें त्या गृहस्थास पक्कें ठाऊक होतें. माझ्या मित्रानें पावतीची घडी न उलगडतांच ती कपाटांत ठेवून दिली होती. जुन्या वस्तूंविषयींचा १९७२ चा केंद्रीय कायदा शंभर वर्षांपूर्वींच्या वस्तूंचा व्यापार करणारास परवाना घ्यावयास लावतो. तेव्हां साडेतीनशें वर्षांची तलवार परवान्यावांचून विकणारा मनुष्य एक तर कायदा मोडीत असतो, नाहीं तर खोटें बोलत असतो. एवढा साधा विचार या पदवीधर गृहस्थास सुचला नाहीं, कारण तो बोलून दाखवावयास जवळ कोणी नव्हतें.

दुसऱ्या दिवशीं आम्हीं ती तलवार गोणपाटांत गुंडाळून जव्हारच्या बाजारांत नेली. मूठ किंचित् हालत होती, ती घट्ट बसवून घ्यावी, एवढाच मित्राचा हेतु. तेथें एक लोहार कोयते घडवितो. आपल्याकडील जुन्या तलवारींची मूठ लाखेनें किंवा राळेनें बसविलेली असते. ऊब लागली कीं ती सुटते. ही सुटेना, उलट कसल्याशा जळक्या रसायनाचा वास येऊं लागला. अखेर निघाली तेव्हां मुठींत शिरणाऱ्या टोंकावर एक वाटोळें भोंक डाग देऊन बुजविलेलें दिसलें. "साहेब, हा ट्रकचा कमानपाटा आहे," तो अगदीं शांतपणें म्हणाला, "मी ह्याचेच कोयते करतों." गाडीच्या पाट्यांना मध्यभागीं बोल्टाकरितां भोंक असतें, आणि असे पाटे त्याच्या हाताखालून रोज जात होते. या सल्ल्याचे त्यानें पैसेहि घेतले नाहींत.

मित्राच्या घरापासून हें ज्ञान एका एस्. टी.च्या प्रवासावर होतें. मग विचारलें कां नाहीं? "कोणाजवळ बोलूं नका, दुसरें गिऱ्हाईक टपलेलें आहे," असें विकणारानें बजावलें होतें म्हणून! आणि खरें सांगावयाचें तर त्यालाहि बोलावयाचें नव्हतेंच. सर्वांना एकदम चकित करण्याचा आनंद त्याला हवा होता.

कोणी म्हणेल, हा भोळेपणाचा प्रकार झाला; आम्ही वाचून, खुणा जाणून मगच घेतों. या शहाण्यांची मला अधिकच काळजी वाटते. ज्या पुस्तकांत खुणा दिल्या आहेत तीं पुस्तकें नकली माल करणाराहि वाचतो. जोहरदार पोलादाच्या लहरी धातूच्या अंगच्या असतात हें तुम्हांस ठाऊक. म्हणून तो तेजाबानें वरच्यावर लहरी उठवितो. कोफ्तगिरींत पोलादावर बारीक रेघा मारून त्यांवर सोन्याची तार ठोकून बसवितात हें तुम्हीं वाचलेलें. म्हणून तो रेघाहि मारतो आणि वर मुलामा देतो. गंज तर हवा तितका आणतां येतो. आणि कारागिरांचे ठसे? इस्फहानच्या असदुल्लाचें नांव असलेलीं पातीं इतकीं आहेत कीं तीं सारीं एका माणसाच्या हातचीं असणें अशक्य. इटलीच्या आंद्रेआ फेराराचें नांव जर्मनींतील झोलिंगेनचे कारागीर खुशाल आपल्या मालावर उठवीत. फिरंगी पात्यांना आपल्याकडे मान होता, म्हणून त्यांवरील ठशांची नक्कल इकडेहि होई. म्हणजे तीनशें वर्षांपूर्वींचें खोटें आतां खरोखरच जुनें झालें आहे! अशा ठिकाणीं एकट्याचा डोळा आणि एकट्याचें पुस्तक काय करणार?

मोठीं संग्रहालयें याबाबत कशीं बोलतात तें पाहावें. जुलै २०२४ मध्यें लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयांतून वाघनखें तीन वर्षांच्या करारानें सातारच्या संग्रहालयांत आलीं. त्यांच्या पेटीवर इंग्रजींत असा मजकूर आहे कीं, शिवाजीनें ज्यांनीं मोगल सेनापतीस मारलें तीं हीं वाघनखें, सातारचे रेसिडेंट ग्रँट डफ यांना पेशव्यांच्या मुख्य प्रधानानें दिलीं. आतां अफजलखान मोगलांचा नव्हे, विजापूरच्या आदिलशाहीचा सरदार. आणि पेशवा हाच मुळीं मुख्य प्रधान. एका वाक्यांत दोन घसरगुंड्या! हीं तींच वाघनखें असें सिद्ध करतां येत नाहीं, असें त्या संग्रहालयानेंच सांगितलें, आणि इकडे इंद्रजित सावंत यांच्यासारख्या अभ्यासकांनीं जाहीर हरकत घेतली. वाद पेटला. पेटूं द्या. एवढ्या बड्या संस्थेला 'निश्चित सांगतां येत नाहीं' म्हणण्यांत कमीपणा वाटत नाहीं. आमच्या जुन्या बाजारांतल्या विक्रेत्याला मात्र तिळमात्र शंका नसते.

एप्रिल २०२५ त महाराष्ट्र शासनानें लंडनच्या सोदबीज्‌च्या लिलावांतून नागपूरकर पहिले रघूजी भोसले यांची म्हणून ओळखली जाणारी तलवार सुमारें ४७ लाख रुपयांस घेतली. तिचेंहि पातें फिरंगी. पण त्यावर सोन्याच्या अक्षरांत नांव आणि 'सेनासाहेबसुभा' ही पदवी आहे, आणि ती साऱ्या जगापुढें छायाचित्रांसह विक्रीस मांडली होती. ज्याला शंका काढावयाची त्यानें काढावी, आजहि काढावी.

'मग दिनकर केळकरांचें काय? त्यांनीं एकट्यानेंच संग्रह केला ना?' असें पुण्याचे वाचक विचारतील. विचारावें. केळकरांनीं जमविले ते मुख्यतः दिवे, अडकित्ते, कुलपें, फण्या. हें जुनेंपुरें लोक मोडींत देत होते, त्या काळीं त्याची नक्कल करून कोणाचें पोट भरणार होतें? आणि तो संग्रह त्यांनीं आपल्या गेलेल्या मुलाच्या नांवानें लोकांपुढें मांडला व शेवटीं शासनाच्या हवालीं केला. त्याच पुण्यांत १९१० त निघालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळांत, एकाला सांपडलेला कागद सभेंत चौघांपुढें वाचण्याची प्रथा पडली. विद्वान मंडळी खडूस असतात, एकमेकांचा हेवा करतात, हें मला मान्य आहे. पण हेवेखोर मनुष्य दुसऱ्याच्या वस्तूंतली खोट जितक्या बारकाईनें शोधतो तितकी त्याची आई शोधीत नाहीं. हेव्याचा इतका चांगला उपयोग दुसरीकडे कोठें होत असेल तर तो मला माहीत नाहीं.

मला खरी चीड येते ती वेगळ्याच गोष्टीची. पहिल्या महायुद्धांत मेसापोटेमियांत मराठा पलटणी लढल्या. एप्रिल १९१६ त कूत येथें शरण जावें लागलेल्या पुणें डिव्हिजनमध्यें त्या होत्या. त्या युद्धाच्या ब्रिटिश पदकाच्या कडेवर शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नांव आणि पलटण ठोकलेली असे. म्हणजे वस्तु स्वतःच आपली साक्ष देते, आणि ती साक्ष सरकारी याद्यांशीं ताडून पाहतां येते. परंतु पदक चांदीचें होतें, हेंच त्याचें दुर्दैव. १९८० च्या सुमारास चांदी कडाडली तेव्हां जगभर अशीं पदकें मुशींत गेलीं. जीं उरलीं त्यांतल्या कित्येकांच्या कडा कानसून त्यांवर एखादें भारदस्त नांव उठविलें जातें. साध्या शिपायाला भाव कोठला? इकडे ट्रकच्या पाट्याला ८५ हजार, आणि तिकडे कोणा खऱ्या शिपायाची पणती त्याचें पदक सराफाच्या तराजूंत टाकणार. खोट्या मालाचा हा बाजार आपल्याच पैशांवर चालतो.

तलवार पुन्हा भिंतीवर गेली. "नातवाला सांगूं नकोस," एवढेंच मित्र म्हणाला. नातू तेथल्याच शाळेंत जातो. फेब्रुवारींत शिवजयंतीस शाळेंत प्रदर्शन भरावयाचें होतें. माझें अक्षर चांगलें म्हणून पुठ्ठ्यावर चार ओळी लिहून पाठवाव्या, असें मित्रानें कळविलें. मीं नकार दिला, आणि तेव्हांपासून आमचें बोलणें तुटकच आहे. पुठ्ठा दुसऱ्या कोणीं तरी लिहून दिला. 'शिवकालीन तलवार, जव्हार संस्थान.' मुलांनीं रांग लावून पाहिली असें ऐकतों.